जुन्या फोर-व्हील जीपला दोन इंच उंची: खानापूर पट्ट्यातल्या कामाच्या नोंदी

गाडी महिंद्राची, सीजे कुळातली जुनी फोर-व्हील जीप. मागचं हूड काढून लोखंडी हौदा बसवलेला. पुढे-मागे अखंड हाऊसिंग (ॲक्सलची नळी), चारी बाजूंना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा), आणि हाऊसिंग पाट्यांच्या वर टेकलेलं. टायर 6.00-16. काम शेतावरचं: शेणखत, काजूची पोती, पीव्हीसी पाइप. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडच्या पाणंदींत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखालच्या) प्लेटला घासतो. हौदा भरला की मागचं हाऊसिंग चासीखालच्या रबरी बंप स्टॉपवर जाऊन बसतं. पावसाआधी गाडी दोन इंच वर घ्यायची.

6 एप्रिल: मापं

आधी मापं, मग पाना. गाडी शेडमधल्या कोब्यावर, चारी टायरांत सारखी हवा, हौदा रिकामा. मडगार्डपासून मोजण्यात अर्थ नाही, जुन्या गाडीचे मडगार्ड ठोकून वाकडे झालेले असतात. हाऊसिंगच्या नळीच्या माथ्यापासून चासीच्या तळापर्यंत मोजलं:

पुढे डावी 118 मि.मी., पुढे उजवी 104, मागे डावी 121, मागे उजवी 109.

उजवी बाजू 12 ते 14 मि.मी. खाली. ड्रायव्हर उजवीकडे, डिझेलची टाकी त्याच्याच सीटखाली. वर्षानुवर्षं तेवढं जादा वजन एकाच बाजूच्या पाट्यांवर. म्हणजे चारी पाट्यांना सारखी कमान देऊन चालणार नाही, उजव्याला थोडी जास्त लागेल.

ट्रान्सफर केसपासून मागच्या हाऊसिंगकडे जाणाऱ्या शाफ्टचे कोन डिजिटल अँगल गेजने घेतले. मोबाइलचं ॲप चालतं, पण आधी कोब्यावर शून्य करून घ्यायचं. ट्रान्सफर केसचं आउटपुट मागच्या बाजूला 4 अंश खाली झुकलेलं, मागच्या डिफ्रन्सलचा (हाऊसिंगमधल्या गिअरच्या गोळ्याचा) पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडायचं टोक, 3 अंश वर तोंड करून, मधला शाफ्ट 8 अंश. म्हणजे पुढचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) 4 अंशांत आणि मागचा 5 अंशांत काम करतोय. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या शाफ्टला हे दोन कोन जवळपास सारखे लागतात. पिनियन एक अंश खालीच असलेला बरा; जोर लागला की हाऊसिंग पिळतं आणि पिनियनचं नाक आपोआप वर येतं.

शाफ्टची लांबी 640 मि.मी. गाडी 50 मि.मी. वर गेली की शाफ्टचा कोन साडेचार अंशांनी वाढणार. क्रॉस साडेआठ आणि साडेनऊ अंशांत जातील. शेताच्या वेगाला अडचण नाही. यापेक्षा जास्त लिफ्ट या आखूड शाफ्टला झेपणारी नाही, आणि दोन इंचांवर थांबायचं खरं कारण तेच.

9 एप्रिल: कोणत्या पद्धतीने उचलायची

लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी): सगळ्यात स्वस्त आणि गावोगाव केलं जाणारं. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच वर जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली येतं. त्यात या गाडीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते टोक खाली आलं की हाऊसिंग पुढे कलतं, किंगपिनचा (चाक ज्याच्याभोवती वळतं त्या खुंटीचा) माथा पुढे येतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) कमी होतो. मग पन्नासच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. बाद.

ठोकळा: पिकअपला पाटा आणि हाऊसिंगच्या मध्ये लोखंडी ठोकळा टाकून मागची बाजू उचलतात. तिथे पाटा हाऊसिंगच्या वर असतो. इथे पाटा खाली, हाऊसिंग वर. मध्ये ठोकळा टाकला तर गाडी उलट खाली बसेल! पुढच्या हाऊसिंगला तर ठोकळा कुठल्याच गाडीत घालू नये. ब्रेक मारला की तो पिळून सरकतो.

पाटे हाऊसिंगच्या वर घेणं: नळीची जाडी, पाट्यांच्या थप्पीची जाडी आणि बैठक मिळून एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. बैठका तोडून नव्या वेल्ड करा, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारी सळी) बदला, शाफ्ट बदला, आणि ब्रेक मारताना हाऊसिंग पिळायला लागलं की वर ट्रॅक्शन बार लावा. मुरूम-चिखलाच्या पाणंदीसाठी एवढा खटाटोप कशाला.

राहिली चौथी वाट: आहेत त्याच पाट्यांना नवी कमान आणि एक जादा पाटा. तीच धरली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. पाट्यांनी चासी वर जाते. डिफ्रन्सलचा गोळा जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो. तो वर न्यायला टायरच मोठा हवा. 6.00-16 च्या जागी 7.00-16 घातला तर गोळा साधारण 24 मि.मी. वर येतो. पण त्याला 5.50 एफची रिम लागते, स्पीडोमीटर सहा-सात टक्के कमी दाखवतो आणि चढावर गिअर लांब पडतात. तो विचार बाजूला ठेवला. इथे घासतेय ती मधली प्लेट, गोळा नाही.

10 एप्रिल: कागद

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा, म्हणजे कंपनीने मुळात ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच कडकपणे सांगितलं. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला आरटीओसमोर उभी राहते, आणि केए-22 (बेळगाव) काय किंवा केए-23 (चिकोडी) काय, इन्स्पेक्टर वाकून खाली बघतोच. चासी कापणं, बैठक वेल्ड करणं, टायरचा साइझ बदलणं यातलं इथे काहीच नाही. तरीही काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं, पाटे परत बसवल्यावर विचारण्यापेक्षा.

13 एप्रिल: मागचे पाटे खाली

या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर आहे. मागचं एक चाक उचललं की डिफ्रन्सलमधून ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. शाफ्ट काढल्यावर तर तो असून नसल्यासारखा. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके आणि गिअरवर भिस्त शून्य.

घोडे (गाडी टेकवायचे आधार) चासीखाली, हाऊसिंगखाली नाहीत. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात, हात सहज तिकडे जातो. चिऱ्यावर गाडी टेकवू नये. वरून तो घट्ट वाटतो, पण जॅकच्या एका बिंदूवर वजन आलं की भुगा होऊन बसतो. सिमेंटचे पोकळ ब्लॉक त्याहून वाईट, ते न सांगता फुटतात. चॅनेलचे घोडे नसतील तर रेल्वे स्लीपरचे तुकडे आडवे-उभे रचा.

जुन्या एक्सलवर डाव्या बाजूचे चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे विसरून नळी लावून जोर केला की स्टड तुटतो.

क्रम: चाकं काढली. हाऊसिंगखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण अर्धा उतरवला. शॉकअप सोडले, मगच पाटे हाऊसिंगला आवळणारे यू बोल्ट. शॉकअप आधी सोडायचे कारण हाऊसिंग खाली येताना त्याचं सगळं वजन त्यांच्यावर लटकतं. ब्रेकच्या होजवरही ताण येऊ द्यायचा नाही. ती चासीकडच्या ब्रॅकेटमधून मोकळी करून वर बांधली.

शॅकलचे बोल्ट आदल्या संध्याकाळी डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) समभाग करून भिजवून ठेवलेले. चारातले तीन आले. चौथा रबरी बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला: नट सुटतो, बोल्ट फिरतो, बाहेर मात्र येत नाही. इथे घणाने ठोकायचं असेल तर नट बोल्टच्या टोकाबरोबर परत लावून ठोकावं, आटे वाचतात. तरीही आला नाही तर शॅकलच्या पट्टीला लागून दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने कापायचा. गॅस कटर लावला तर रबर पेटतं आणि पाट्याच्या डोळ्याचा, म्हणजे टोकाच्या गोल वळशाचा, ताव (पोलादाचा कस) जातो. कापला.

यू बोल्ट सगळे टाकून दिले. एकदा ताणलेला यू बोल्ट परत वापरायचा नसतो. आटे लांबलेले असतात, टॉर्क दाखवतात पण पकड धरत नाहीत.

14 एप्रिल: पाट्यांची तपासणी

पाट्यांची थप्पी सोडण्याआधी तिच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प. त्याशिवाय सेंटर बोल्टचा नट सोडला तर दबलेले पाटे उडतात आणि त्यांच्या वाटेत बोटं असतात.

मोकळी कमान मोजली (दोन्ही डोळ्यांना दोरी लावून मधलं अंतर): मागे डावा 74 मि.मी., मागे उजवा 66. दुकानातून तुलनेला आणलेली याच मापाची नवी थप्पी 105. म्हणजे पाटे 31 आणि 39 मि.मी. बसलेत. ज्या दोन इंचांसाठी हा खटाटोप आहे, त्यातली अर्ध्याहून जास्त उंची गाडीची मूळचीच, वजनाखाली हरवलेली. लिफ्टचा किट मागवण्याआधी हे एक माप प्रत्येकाने घ्यावं. पुष्कळ जुन्या गाड्यांना किट नको असतो, फक्त जिवंत पाटे हवे असतात.

भेगा बघायची रीत: प्रत्येक पाटा वायर ब्रशने घासायचा, डिझेल लावायचं, कोरड्या फडक्याने चोख पुसायचं आणि वर खडू फासायचा. भेग असेल तिथे दहा मिनिटांत खडूवर काळी रेघ उमटते. मागच्या उजव्या थप्पीच्या मेन पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडे जाणारी रेघ आली. तो पाटा भंगारात. पाटा वेल्ड होत नाही. वेल्डिंगच्या शेजारीच दुसऱ्या आठवड्यात तुटतो.

पाट्याची रुंदी पावणेदोन इंच. हात बदललेल्या गाडीत दोन इंचीही निघतो, व्हर्नियर लावल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

18 एप्रिल: पाटेवाल्याकडे

उसाचा हंगाम संपला की ट्रॉल्यांचे पाटे यायचे थांबतात आणि पाटेवाल्याला सवड मिळते. डिसेंबरात हेच काम घेऊन गेलात तर पाटे कोपऱ्यात पडून राहतील.

“किती उचलायची मामा, दोन इंच?” 

पाटेवाला म्हणाला, “दोन पाहिजे तर अडीच धरा की. बसतंय ते नंतर.”

बरोबर आहे. नवी कमान पहिल्या काही शे किलोमीटरांत 10 ते 15 मि.मी. उतरते. मोकळी कमान डावीकडे 135, उजवीकडे 145 मागितली.

कमान थंडच द्यायची. ऐरणीवर, मधून टोकांकडे, इंचाइंचावर हलके घाव, आणि दर फेरीला लोखंडी सळीच्या साच्याला लावून बघायचं. गॅसने लाल करून वाकवला तर वाकतो लोण्यासारखा, पण ताव गेलेला पाटा महिन्याभरात परत सपाट होतो. तापवूनच करायचं असेल तर पूर्ण पाटा भट्टीत 850 अंशांच्या आसपास नेऊन तेलात विझवायचा आणि पुन्हा 450-500 अंशांना ताव उतरवायचा. ती सोय असलेल्या ठिकाणीच. रस्त्याकडेच्या कोळशाच्या भात्यावर हा अंदाज डोळ्याने होत नाही.

खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकडा हवा. थप्पी नुसती एकावर एक ठेवली की मध्ये 2 ते 4 मि.मी. फट दिसली पाहिजे. सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते आणि पाट्यांची टोकं एकमेकांना दाबून बसतात. हे नसेल तर टोकं उघडी राहतात, लाल माती आत जाते, आणि पाटे एकमेकांना रंधा मारल्यासारखे खातात.

जादा पाटा किती जाडीचा? 8 मि.मी. पट्टी तयार होती, 6 ची मागवावी लागणार होती. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 6 च्या पाट्याच्या मानाने 8 चा एकच पाटा जवळपास दोन आणि एक तृतीयांश पाट्यांएवढा कडक. सहा पाट्यांच्या थप्पीत तो घातला तर रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडेल. 6 चीच मागवली, तिसऱ्या पाट्याखाली बसेल अशा लांबीची. जादा पाट्याच्या जाडीने या गाडीची उंची वाढत नाही, कारण मेन पाटा वर हाऊसिंगला लागून आहे आणि भर खाली पडते. उंची कमानीनेच, जादा पाटा ती कमान टिकवायला.

पाट्यांच्या मध्ये ग्रेफाइट ग्रीस. साधं ग्रीस माती धरून घासपेस्ट बनतं.

25 एप्रिल: मागची बाजू बसवली

सेंटर बोल्ट नवे. बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या बैठकीतल्या भोकात नेमकं बसलं पाहिजे. यू बोल्ट आवळताना डोकं काठावर चढलेलं राहिलं तर हाऊसिंग काही मिलिमीटर मागे-पुढे बसतं आणि गाडी रस्त्यावर तिरकी पळते. बसलंय की नाही हे बोटाने चाचपून बघायचं, दिव्याने दिसत नाही.

यू बोल्ट 12 मि.मी., 8.8 ग्रेड, पाय जुन्यापेक्षा 10 मि.मी. लांब (जादा पाटा 6, थोडी सूट). आतली रुंदी नळीच्या व्यासाएवढी नेमकी, सैल नको. चारी नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, शेवटी 75 न्यूटन-मीटर. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर प्लेट तिरकी बसते.

पाट्याच्या डोळ्यातला आणि शॅकलमधला बोल्ट मात्र आत्ता फक्त हाताने घट्ट. रबरी बुश असेल तर अंतिम आवळणी गाडी चाकांवर उतरल्यावरच. हवेत आवळलं तर रबर त्याच कोनात जखडतं, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि पावसाळा संपायच्या आत फाटतं. पितळी बुश, ग्रीस निप्पलवाले असतील तर ही अडचण नाही.

गाडी उतरवून शॅकलचा कोन बघितला. कमान वाढली की दोन डोळ्यांमधलं अंतर कमी होतं: मीटरभर लांबीच्या मेन पाट्याची वजनाखालची कमान 40 वरून 90 झाली तर अंतर 17 मि.मी.ने घटतं. 90 मि.मी.चा शॅकल आधी बाहेरच्या बाजूला 28 अंश कललेला होता, आता 16. ठीक आहे. तो उभा किंवा आतल्या बाजूला कलला असता तर पाट्याला सपाट होताना बाहेर सरकायला जागा उरली नसती; खड्ड्यात शॅकल उलटा पडतो आणि पाटा चासीला ठोकतो. दोन इंचांच्या पुढे जाणाऱ्यांनी शॅकलचा चासीकडचा हुक हलवायची तयारी ठेवावी.

1 मे: शाफ्ट, होज, शॉकअप

मागचं हाऊसिंग पूर्ण लटकवून शाफ्टच्या सरकत्या जोडावर रंगाने खूण केली, मग जॅकने बंप स्टॉपला टेकवून दुसरी. लटकलेल्या स्थितीत आत 38 मि.मी. स्प्लाइन (जोडाचे लांब दाते) शिल्लक. 25 च्या खाली गेली असती तर शाफ्ट लांब करून घ्यावा लागला असता. दबलेल्या स्थितीत तळाला 20 मि.मी. मोकळं. शाफ्ट परत जोडताना दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत. स्प्लाइन एक दात चुकली तरी चाळीसला घरघर येते.

क्रॉस दोन्ही बदलले, दिसायला चांगले असूनही. वर्षानुवर्षं चार-पाच अंशांत चाललेल्या क्रॉसच्या खुंट्यांवर सुयांच्या तेवढ्याच जागी बारीक खाचा पडतात. कोन दुप्पट झाला की सुया त्या खाचांच्या काठावर चढतात आणि नवा आवाज सुरू होतो. लिफ्टनंतर “शाफ्ट वाजतोय” म्हणतात तो बऱ्याचदा हाच.

ब्रेकची मागची रबरी होज 330 मि.मी., हाऊसिंग लटकल्यावर तारेसारखी ताठ. 400 ची घेतली. दुकानात जुनी होज घेऊनच जावं, दोन्ही टोकांचे आटे जुळवून. लोखंडी पाइपच्या नटाला फ्लेअर पानाच लावा. साध्या पान्याने कोपरे गोल होतात आणि पुढे पाइपच बदलावा लागतो. पुढच्या दोन होज स्टेअरिंग पूर्ण वळवून, चाक लटकवून बघितल्या. तिथे चासीवरचं ब्रॅकेट 40 मि.मी. खाली घेऊन भागलं.

हवा काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून: मागे डावं, मागे उजवं, पुढे डावं, पुढे उजवं. अर्धा लिटर तेल पुरेसं. बाटली उघडी पडलेली असेल तर ते तेल वापरू नका. आपल्याकडची जूनमधली हवा त्यात किती पाणी घालते ते घाटात उतरताना कळतं.

शॉकअपची लांबी अंदाजाने घेऊ नये. मागे बंप स्टॉप टेकल्यावर दोन खुंट्यांमधलं अंतर 275 मि.मी., पूर्ण लटकल्यावर 460. म्हणजे बंद लांबी 262 पेक्षा कमी आणि उघडी 470 पेक्षा जास्त असलेला शॉकअप. शॉकअप बंप स्टॉपच्या आधी टेकला तर खुंटी तुटते, आणि पाट्याच्या आधी पूर्ण उघडला तर तोच पट्ट्यासारखा हाऊसिंग धरून ठेवतो व डोळा फाटतो. नुसतं दोन इंच लांब मागितलं तर पहिली अट बऱ्याचदा चुकते.

9 मे: पुढची बाजू

पाट्यांचं काम मागच्यासारखंच, परत लिहीत नाही. मोकळी कमान डावी 120, उजवी 130. जादा पाटा 6 चाच. गाडी टेकवल्यावर पुढे 168 आणि 166, मागे 174 आणि 172.

फरक कॅस्टरचा. आधी अडीच अंश होता. शॅकल 28 वरून 16 अंशांवर आल्याने पाट्याचं पुढचं टोक 7 मि.मी. खाली आलं, म्हणजे कॅस्टर जवळपास अर्धा अंश कमी: दोन. जुन्या जीपला 3 च्या आसपास लागतो. पाटा आणि हाऊसिंगच्या मध्ये दीड अंशाची पाचर ठरवली. दोन अंशांची घातली असती तर स्टेअरिंग आणखी छान परत आलं असतं, पण हाऊसिंग मागे कलताना पुढच्या पिनियनचं नाक तेवढंच खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. फोर-व्हील चिखलातच लागतं, तेव्हा शाफ्टला दयामाया नसते.

पाचर बेळगावच्या उद्यमबागेत मिलिंग करून घेतली, माइल्ड स्टीलची: लांबी 120, रुंदी 44.5, एका टोकाला जाडी 3 आणि दुसऱ्याला 6.1 मि.मी. फाउंड्रीच्या गावात ओतीव ॲल्युमिनियमची सहज मिळते, स्वस्तही. पण ती चिरते आणि यू बोल्ट एकदम सैल पडतात. पाटा खाली, हाऊसिंग वर अशा रचनेत जाड टोक पुढे. पाटा वर असलेल्या गाडीत उलट.

एक जागा नेहमी राहून जाते. पाचर नुसती मध्ये ठेवली तर सेंटर बोल्टचं डोकं तिच्यातून बैठकीच्या भोकापर्यंत पोचत नाही. म्हणून पाचरीला भोक पाडून ती सेंटर बोल्टच्या डोक्याखाली थप्पीतच आवळायची आणि बोल्ट तेवढा लांब घ्यायचा. डोकं मग पाचरीच्या वर येतं आणि बैठकीच्या भोकात बसतं.

चाक जॅकवर असताना वर-खाली धरून हलवलं. उजव्या चाकाला किंगपिनमध्ये खटका. शिम (पातळ चकती) काढून बेअरिंगचा ताण वाढवला. हा खटका ठेवून पाचर घातली असती तर थरथर गेली नसती आणि दोष पाचरीवर आला असता.

ड्रॅग लिंक आता जास्त तिरकी, त्यामुळे सरळ चालताना स्टेअरिंगचा दांडा डावीकडे कललेला. स्टेअरिंग उपटून स्प्लाइन बदलून लावायचं नाही; स्टेअरिंग बॉक्स मग मधल्या बिंदूवर राहत नाही आणि एका बाजूला कमी वळतं. ड्रॅग लिंकचं टोक आट्यांवर फिरवून लांबी जुळवली. टो-इन (चाकांचं पुढून किंचित आत वळणं) 2 मि.मी., टायरच्या पुढच्या-मागच्या मध्यरेषेत दोरीने मोजून. पूर्ण वळणावर टायर पाट्याला लागतो का बघितलं, स्टॉप बोल्ट अर्धा आटा बाहेर.

16 मे: पहिली फेरी

रिकामी गाडी, खानापूर ते नंदगड आणि परत. पंचावन्नपर्यंत स्टेअरिंग शांत, वळणानंतर आपोआप सरळ येतं. मोठ्या खड्ड्यात मागून ठणका. शॉकअप नव्हे, बंप स्टॉपचं जुनं रबर कडक झालंय. बदललं.

शंभर किलोमीटरनंतर यू बोल्ट परत पाहिले. सोळा नटांतले पाच पाव आटा आत गेले. रंग आणि गंज दबून पकड सैल होते, त्यात काही नवल नाही. तपासायचं राहिलं तर सेंटर बोल्ट तुटतो, आणि तो तुटल्यावर हाऊसिंग सरकेपर्यंत कळत नाही.

हेडलाइट वर गेलेले. भिंतीपासून 10 मीटरवर गाडी, डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सें.मी. खाली. रात्री चोर्ला घाटाकडून येणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करावा.

30 मे: माल घालून

हौद्यात आठ पोती खत. बंप स्टॉप आणि हाऊसिंगमध्ये 46 मि.मी. शिल्लक. आधी एवढ्या वजनाला काहीच उरत नव्हतं. रिकामी गाडी मागून थोडी कडक, टायरमधली हवा 4 पीएसआय कमी केली की पाणंदीला बरी.

पाटे बसल्यानंतरची उंची, पहिल्यासारखीच रिकाम्या गाडीवर: पुढे डावी 159, पुढे उजवी 157, मागे डावी 164, मागे उजवी 162. डावी-उजवीतला फरक चौदावरून दोनवर. सरासरी वाढ साडेसत्तेचाळीस मि.मी. मधली प्लेट जांबोटीच्या चाकोरीत टेकली नाही. डिफ्रन्सलचा गोळा टेकला, तो टेकणारच होता.

पाचशे किलोमीटरला यू बोल्ट पुन्हा. पुढच्या होजच्या ब्रॅकेटवर गंजरोधक रंग पहिल्या सरीच्या आत मारायचाय. पाट्यांवर जुनं इंजिन ऑइल फासू नये, बुशचं रबर फुगतं.